रेंज येते-जाते तिथेही उघडणारी वेबसाइट

मार्च सरत आला, आंब्याचा हंगाम आणि सुट्टीची बुकिंगं तोंडावर आली, की किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्यांना आणि पेट्या थेट विकणाऱ्या बागायतदारांना एक ठराविक फोन येऊ लागतो. "तुमच्या वेबसाइटचा स्कोअर १९ आहे. गूगल तुम्हाला खाली ढकलणार. एवढे एवढे हजार द्या, आठ दिवसांत ९५ करून देतो." गणपतीपुळ्याजवळ माझ्या मावशीच्या चार खोल्या आहेत, पाहुण्यांसाठी. तिलाही हा फोन आला. तिने मला विचारलं, "अरे, हा स्कोअर कसला? आणि १९ म्हणजे नापास का?"

प्रश्न रास्त होता. वेबसाइट वेगाने उघडावी हे सगळ्यांना पटतं, पण ती हळू का उघडते हे कुणी नीट सांगत नाही. न कळलेल्या गोष्टीसाठी माणूस एकतर घाबरून पैसे देतो किंवा तिकडे दुर्लक्ष करतो. खरं तर यातला बराचसा भाग घरच्या घरी समजून घेता येतो, आणि निम्म्याहून जास्त दुरुस्तीला पैसे लागत नाहीत.

जयगडची फेरीबोट

वेबसाइट म्हणजे कुठल्या तरी संगणकावर ठेवलेल्या फायली. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. पाहुण्याने फोनवर तुमच्या नावावर बोट ठेवलं, की त्याचा ब्राउझर सर्व्हरकडे त्या फायली मागतो. हे मागणं एका दमात होत नाही.

गुहागरहून गणपतीपुळ्याकडे येणारे बरेच जण तवसाळला फेरीबोट धरतात आणि खाडी ओलांडून जयगडला उतरतात. समजा, तुम्ही जयगडला आहात, दुकान तवसाळला आहे आणि निरोप फक्त फेरीबोटीनेच जातो. पहिल्या फेरीत तुम्ही विचारता, "दुकान उघडं आहे का?" "आहे," असं उत्तर घेऊन बोट परत येते. दुसऱ्या फेरीत दोघांमध्ये एक खूण ठरते, म्हणजे वाटेत चिठ्ठी कुणी उघडली तरी तिचा अर्थ लागू नये. काही ब्राउझरांत पत्त्याशेजारी दिसणारं छोटं कुलूप म्हणजे ही खूण. तिसऱ्या फेरीत तुम्ही यादी देता, आणि मग कुठे सामान निघतं.

म्हणजे पानावरचं पहिलं अक्षर दिसण्याआधीच तीन फेऱ्या झालेल्या असतात. जुन्या पद्धतीचं कुलूप असेल तर चार. खाडी लहान असेल तर हे जाणवत नाही. पण स्वस्तातलं होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची जागा, घेताना पुष्कळांचा सर्व्हर अमेरिकेत जातो आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. काचतंतूच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे १२,५०० किलोमीटर. जाऊन येऊन सव्वाशे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग, नुसत्या प्रकाशाच्या धावण्यात जातो. केबल समुद्रातून वळणं घेत जाते, मध्ये यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात एका फेरीला २०० मिलिसेकंद धरायला हरकत नाही. तीन फेऱ्यांचा हिशेब अर्ध्या सेकंदाच्या पुढे जातो, आणि तेव्हा कुठे सामानाची पहिली खेप पोचते.

सामानही एकदम येत नाही. पलीकडची वाट किती रुंद आहे हे सर्व्हरला माहीत नसतं, म्हणून पहिल्या खेपेत तो साधारण दहाच पाकिटं पाठवतो. ती जेमतेम १४ केबी भरतात. ती पोचल्याची पोच आली की पुढच्या खेपेत दुप्पट, मग चौपट. त्यामुळे पानाचा सांगाडा आणि सगळ्यात महत्त्वाचा मजकूर या पहिल्या खेपेत बसला, तर पाहुण्याला लगेच काहीतरी वाचायला मिळतं.

यावर उपाय साधा आहे. होस्टिंगवाल्याला विचारा, "आमचा सर्व्हर नेमका कुठे आहे?" तुमचे बहुतेक पाहुणे पुण्या-मुंबईचे असतील तर सर्व्हर मुंबईतच असायला हवा. आता ते अवघड राहिलेलं नाही. अॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली सर्व्हरकेंद्रं सुरू केली. भारतातल्या लहान होस्टिंगवाल्यांकडेही हा पर्याय असतो, फक्त तो मागून घ्यावा लागतो.

वजन नेमकं कुठे असतं?

आता सामानाकडे येऊ. मी इथे जरा जास्त थांबणार आहे, कारण कोकणातल्या पर्यटनाच्या आणि आंब्याच्या वेबसाइटी मुख्यतः इथेच अडतात.

फोटो. आजच्या साध्या फोनचाही १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो आणि सहज ४ एमबी भरतो. समुद्र, सूर्यास्त, अंगण, खोली, न्याहरीचं ताट असे बारा फोटो पहिल्याच पानावर जसेच्या तसे चढवले, तर झाले ४८ एमबी. कमकुवत फोरजीवर सेकंदाला १.६ मेगाबिट एवढाच वेग मिळाला (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) तर हे पान पूर्ण यायला चार मिनिटं लागतील. चार मिनिटं पाहुणा कशाला थांबेल? तो मागे जाऊन पुढच्या होमस्टेवर बोट ठेवतो.

आणि एवढे ठिपके त्याला दिसतही नसतात. फोनचा पडदा रुंदीला साधारण १०८० ठिपक्यांचा. ४००० ठिपक्यांचा फोटो तिथे दाबून बसवला जातो, उरलेलं सगळं फुकट वाहून आणलेलं. गिऱ्हाइकाने डझनभर आंबे मागितले आणि आपण अख्खं कलम मुळासकट टेम्पोत चढवलं, असा हा प्रकार आहे.

करायचं एवढंच: फोटो साधारण १२०० ठिपके रुंदीचा करायचा आणि वेबपी या प्रकारात साठवायचा. आपले नेहमीचे जेपेग फोटो १९९२ सालच्या पद्धतीचे आहेत. वेबपी गूगलने २०१० मध्ये आणलं, आणि तितक्याच दर्जाचा फोटो जेपेगपेक्षा साधारण २५ ते ३४ टक्के कमी जागेत बसतो, असं गूगलचं मोजमाप आहे. गूगलच्याच लोकांनी बनवलेलं स्क्वूश नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्ये उघडतं. डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे हलका केलेला, मधली रेघ सरकवून दोन्हींची तुलना करता येते. दर्जाचा आकडा ७५ च्या आसपास ठेवला, तर ४ एमबीचा फोटो बहुतेक वेळा १००-२०० केबीवर येतो आणि फोनवर फरक कळत नाही. मी मावशीला हे शिकवलं तेव्हा तिने सूर्यास्ताच्या फोटोवर ती रेघ चार वेळा मागेपुढे केली आणि विचारलं, "ह्यातला कुठला मोठा?"

बारा फोटो दीडशे केबीचे धरले तर एकूण १.८ एमबी. चार मिनिटांचे नऊ सेकंद झाले. अजून कमी होतात. पाहुणा खाली सरकेल तेव्हाच खालचे फोटो मागवायचे, असं ब्राउझरला सांगता येतं. याला लेझी लोडिंग म्हणतात, आणि वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेससारख्या प्रणालीत ते आधीपासूनच असतं. मात्र सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला ते लावू नये. तो तर सगळ्यात आधी यायला हवा. बरेच जण उत्साहात सगळ्यांनाच लावतात आणि पान उलट उशिरा दिसतं.

आणखी एक सवय मला फार खटकते. दरपत्रक, जेवणाचा मेनू, "रूम उपलब्ध" ही सगळी माहिती फोटो म्हणून चढवायची. कुणीतरी रंगीत बॅनर करून दिलेला असतो, तोच टाकून दिला जातो. साध्या मराठी मजकुराचं वजन बघा. संगणकात देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट जागा घेतं, मात्रा-वेलांट्या धरून. पाचशे-सहाशे शब्दांचा मजकूर साधारण १२ केबी, आणि पाठवताना दाबून पाठवला तर त्याहूनही पुष्कळ कमी. एका कच्च्या फोटोच्या वजनात असे तीनशेहून जास्त लेख मावतील. तेव्हा खोलीत पंखा आहे की एसी, मासे कुठल्या वारी मिळतात, उकडीच्या मोदकांची ऑर्डर आदल्या दिवशी द्यावी लागते का, हे सगळं सविस्तर लिहा. अक्षरं गूगललाही वाचता येतात, अंधूक दिसणाऱ्या आजोबांना मोठी करून बघता येतात आणि फोन नंबरवर बोट ठेवलं की फोन लागतो. बॅनरवरचा नंबर पाहुण्याला कागदावर लिहून घ्यावा लागतो.

मजकुराचं वजन नसलं तरी टंकाचं असतं, म्हणजे फाँटचं. देवनागरीत जोडाक्षरं असल्यामुळे फाँटची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच मोठी होते. एकच फाँट, त्यातही साधा आणि ठळक हे दोनच प्रकार पुरे. बहुतेक फोनमध्ये चांगला देवनागरी फाँट आधीपासूनच असतो, तोही वापरता येतो.

वजन उतरवलं तरी पान का अडतं?

फोटो हे नुसतं सामान असतं. पण पानात काही हुकूमही असतात: हे फिरव, ते मोज, पाच सेकंदांनी ही खिडकी उघड. या हुकुमांच्या फायलींना स्क्रिप्ट म्हणतात. त्या फोनने आधी उतरवून घ्यायच्या, मग वाचायच्या, मग पाळायच्या. महागड्या फोनला हे पापणी लवेपर्यंतचं काम, पण दहा हजारांच्या फोनला तेच जड जातं. आपोआप सरकणारे फोटो, कोपऱ्यातला गप्पांचा बुडबुडा, इन्स्टाग्रामच्या पोस्टी दाखवणारी पट्टी, सवलतीची उसळणारी खिडकी, किती जण आले ते मोजणारे तीन ठिकाणचे कोड. यातल्या बहुतेकांचा सर्व्हर वेगळा, म्हणजे त्यांच्यासाठी पुन्हा नव्या फेऱ्या.

यूट्यूबचा व्हिडिओ पानात बसवला की पाहुण्याने तो बघितला नाही तरी त्याचं बरंचसं सामान येऊन पडतं. त्याऐवजी व्हिडिओचं एक स्थिर चित्र ठेवायचं आणि त्यावर बोट ठेवल्यावरच व्हिडिओ मागवायचा.

इथे गूगलची तीन मापं सांगून टाकतो, कारण फोनवरचा माणूस त्यांचीच नावं घेऊन घाबरवतो. पहिलं एलसीपी: पानावरचा सगळ्यात मोठा भाग, बहुधा वरचा फोटो, किती वेळात दिसला. २.५ सेकंदांच्या आत हवा. दुसरं आयएनपी: बोट ठेवल्यावर पडदा किती वेळात हलला. २०० मिलिसेकंदांच्या आत. हे माप मार्च २०२४ मध्ये जुन्या मापाच्या जागी आलं, त्यामुळे आधी बऱ्या वाटणाऱ्या काही वेबसाइटी अचानक लाल दिसू लागल्या. तिसरं सीएलएस: उघडता उघडता पान किती उड्या मारतं. आपण 'फोन करा'वर बोट टेकवतो, तेवढ्यात वर एखादा फोटो येऊन आदळतो, सगळं खाली सरकतं आणि बोट भलतीकडेच पडतं, तो हा दोष. हा आकडा ०.१ च्या आत हवा. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधी लिहून ठेवली की ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो. दोन आकडे लिहायचं काम, पण बहुतेक जण ते करत नाहीत.

चारपैकी निदान तीन भेटींत ही मापं पाळली गेली, तर गूगल तुम्हाला उत्तीर्ण धरतं.

पावसाळ्याची बेगमी

कोकणात मे संपायच्या आत सुकी मासळी, आमसुलं, सांडगे, कुळीथ, सरपण सगळं भरून ठेवायची रीत होती. पावसात दर वेळी बाजाराला जायचं नाही. वेबसाइटच्या जगात या बेगमीला कॅश म्हणतात. ती तीन ठिकाणी होते.

एक, पाहुण्याच्या फोनमध्ये. तुमचं बोधचिन्ह, फाँट, वरचा फोटो एकदा आला की फोन तो साठवून ठेवतो. पुढच्या भेटीत पुन्हा मागवत नाही. दोन, तुमच्या सर्व्हरवर. वर्डप्रेस दर वेळी माहितीच्या कोठारातून तुकडे काढून पान नव्याने रांधतं. तयार पान एकदा साठवून ठेवलं तर सर्व्हर नुसतं वाढायचं काम करतो. यासाठी एखादा मोफत प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची पुरवणी, पुरतो. एकच घ्या, कारण एकाच कामाचे दोन प्लगइन बसवले की ते एकमेकांत अडकतात.

तिसरी बेगमी वाटेवरची. देवगडचा बागायतदार मुंबईच्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी देवगडहून वेगळी गाडी सोडत नाही, पंचवीस-तीस पेट्या दादरच्या नातेवाइकाकडे उतरवून ठेवतो. सीडीएन नावाची सेवा हेच करते. तुमच्या फायलींच्या प्रती मुंबई, सिंगापूर, लंडन अशा अनेक शहरांत ठेवते आणि मागणाऱ्याला जवळची प्रत देते. क्लाउडफ्लेअरसारख्यांची मोफत सेवा लहान धंद्याला पुरते. तुमचा सर्व्हर अमेरिकेत असला आणि तो हलवणं जमत नसलं, तरी यामुळे बरीचशी भरपाई होते.

बेगमीत एक धोका असतो, तो म्हणजे शिळं होण्याचा. एप्रिलमध्ये पेटीचा भाव आठवड्यात दोनदा बदलतो. तुम्ही पानावर नवा भाव लिहिता आणि गिऱ्हाइकाला जुनाच दिसत राहतो, कारण त्याला साठवलेली प्रत मिळालेली असते. मग फोनवर वाद होतो, आणि गिऱ्हाइकाची चूक नसते. भावाचं आणि उपलब्ध खोल्यांचं पान थोडाच वेळ साठवायचं, किंवा भाव बदलला की लगेच 'कॅश क्लिअर' करायची.

"पण माझ्या फोनवर तर लगेच उघडते!"

हे मी प्रत्येकाकडून ऐकलं आहे, आणि ते खोटं नसतं. तुमच्या फोनमध्ये तुमच्या वेबसाइटची बेगमी भरलेली असते आणि तुम्ही घरच्या वायफायवर असता. पाहुणा तिथे नसतो. तो कोकण रेल्वेत असतो. मुंबईहून रत्नागिरीकडे येताना उक्षीनंतर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. त्याआधीही छोटे बोगदे, दऱ्या, पुन्हा बोगदे. दोन बोगद्यांच्या मधल्या उजेडात रेंज येते आणि तेवढ्यात तो तुमचं पान उघडू बघतो. नाहीतर तो आंबा घाटाच्या वळणावर असतो. नाहीतर तुमच्याच वाडीच्या वळणाशी उभा राहून पुढचा रस्ता शोधत असतो.

म्हणून परीक्षा त्याच्या जागी उभं राहून घ्या. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा, ब्राउझरची खासगी खिडकी उघडा म्हणजे साठवलेलं काही वापरलं जाणार नाही, आणि जिथे रेंज कमी असते अशा ठिकाणी जाऊन पान उघडा. घड्याळ लावायचीही गरज पडत नाही, तुमचं तुम्हालाच समजतं.

मग तो १९ चा स्कोअर?

तो बहुधा गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनातून आलेला असतो. तुम्हीही तिथे आपला पत्ता टाकून तो बघू शकता. पन्नासच्या खाली लाल, नव्वदच्या वर हिरवा. पण हा आकडा प्रयोगशाळेतला आहे: मुद्दाम हळू केलेलं फोरजी, मध्यम ताकदीचा फोन, एकदाच उघडलेलं पान. पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं तर चार-सहा गुणांनी सहज बदलतो. त्याच पानावर वरच्या बाजूला दुसरा भाग असतो, खऱ्या क्रोम वापरकर्त्यांचा मागच्या २८ दिवसांचा अनुभव. महत्त्वाचा तोच. लहान वेबसाइटीला पुरेसे भेट देणारे नसले तर तो भाग रिकामाच दिसतो. त्याचा अर्थ तुमची वेबसाइट वाईट आहे असा होत नाही.

गूगल क्रम लावताना हा शंभरपैकीचा स्कोअर वापरत नाही. वर सांगितलेली तीन मापं बघतं, तीही इतर पुष्कळ गोष्टींबरोबर. पाहुण्याने जे विचारलं त्याचं उत्तर तुमच्या पानावर आहे का, हे त्यांच्या आधी येतं. म्हणून ९५ चं वचन देणाऱ्याला मी पैसे देणार नाही. "पहिल्या पानाचं वजन किती आहे ते सांगा आणि त्यातलं कमी काय करणार ते लिहून द्या," असं विचारल्यावर जो नीट उत्तर देतो, त्याच्याशी बोलेन.

एवढं करून बुकिंग वाढतं का?

खात्री कुणीच देऊ नये. पण नीट केलेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. इटलीत व्होडाफोनने २०२१ मध्ये एकाच पानाच्या दोन आवृत्त्या केल्या. दिसायला सारख्याच, फक्त एक वेगवान. येणाऱ्यांपैकी अर्ध्यांना एक दाखवली, अर्ध्यांना दुसरी. वेगवान पानाचं एलसीपी ३१ टक्क्यांनी सुधारलेलं होतं आणि त्यावरून विक्री ८ टक्के जास्त झाली. चार खोल्यांच्या घराला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण कारण तेच राहतं: वाट बघायला लावलं की माणूस निघून जातो.

"आम्हाला इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप पुरे," असंही काही जण म्हणतात. ज्यांच्या खोल्या ओळखीवरच भरतात त्यांना खरंच पुरे असेल. पण बुकिंगच्या मोठ्या अॅपवरून पाहुणा आला की त्याच्या बिलातून कमिशन जातं. ज्यांचा माल २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला खरा हापूस आहे, त्यांना तो कुठल्या गावच्या कुठल्या बागेतला हे सांगायला स्वतःची एक जागा हवी. ती उघडतच नसेल तर असून काय उपयोग?

मावशीच्या पानाचं काय झालं

एका दुपारी बसून आम्ही फोटो हलके केले, सरकणारी फोटोपट्टी काढली, दरपत्रकाचा बॅनर काढून दर मजकुरात लिहिले. गप्पांचा बुडबुडा मावशीनेच काढायला लावला, कारण त्याला उत्तर द्यायला कुणी बसलेलंच नसायचं. सर्व्हर अजून परदेशातच आहे. होस्टिंगची मुदत संपली की तो मुंबईला आणायचा आहे.

आता सगळ्यात आधी तिचा फोन नंबर आणि घरापर्यंतची वाट दिसते, मग अंगणाचा फोटो, आणि बाकी सगळं पाहुणा खाली सरकेल तसं. गणपतीआधी दर बदलतील. तेव्हा 'कॅश क्लिअर' करायची, हे तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, हरतालिकेच्या चौकोनात, पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.